छप्पर नामंजूर

फॉर्मवर 'पुलाचा इतिहास' या रकान्यापुढे
दोन ओळींची जागा होती.

इंदूरहून पहाटेची बस, महूला पोहे,
पुढे दुधाच्या टेम्पोत कॅन धरून
सेमळ्याला उतरलो.
गंभीर नदी तेव्हा घोट्याएवढी,
नावाला न शोभणारी.
तिच्यावर हा सागाचा पूल, डोक्यावर कौलं,
जणू कुणी पडवी आणून ठेवली,
घर मागून आणतो म्हणाला
आणि आलाच नाही.

दप्तर मोडीत. ते मी आधीच वाचलं होतं.
फसली १३२१. ओव्हरसियर यादवराव तांबवेकर
कळवतात की साग चोरलच्या रानातला,
तुळया बावीस, फळ्या एकशे बेचाळीस,
सुतार भेरा, रोज पाच आणे,
आणि छप्पर, कारण
(कारणाच्या जागी वाळवी जेवून गेली आहे)
खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने:
पूल मंजूर. छप्पर नामंजूर.
नदीला ऊन लागत नाही.

मग हे वर काय आहे?

नाक्याच्या खोलीत कासम नायत्याचा पणतू
आता पंक्चर काढतो.
ट्यूब पाण्यात दाबत, बुडबुड्यांकडे बघत म्हणाला,
"बळद पाणी देखे तो बिचके."
फटीतून खाली पाणी चमकलं
की बैल तिथेच पाय रोवायचा.
वर छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्या,
मग त्याला वाटायचं, गोठा आला.
एकशे वीस पावलं तो घरी असायचा.

कासमची वही त्याने सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून ठेवलेली.
गाडीला पैसा. घोड्याला अधेला.
वरातीला दोन आणे,
वाजंत्री थांबवली तर एकच,
कारण लाकूड तालावर हलतं.
प्रेताला माफ. परतणाऱ्या खांदेकऱ्यांनाही.
एका पानावर नुसतंच:
आज कोणी नाही. पाऊस. मी आहे.

छपराचं असं झालं म्हणतात, की घरटी शंभर कौलं जमली,
कुंभारणीने अर्धी उधारीवर दिली,
आणि भेरा आठ दिवस बिनरोजीचा वर चढला.
त्या आठ दिवसांत यादवराव
तापाने आजारी होते.
हजेरीपटावर तसंच आहे, त्यांच्याच सुबक अक्षरात.

पुढे एका पुरात सत्तावन्न नंबरची फळी गेली.
सापडली दोन कोसांवर, कुणाच्या चुलीवर छत म्हणून.
तो माणूस परत देईना.
बदली म्हणून आपल्या दाराची एक झडप दिली.
भेराच्या मुलाने ती तशीच ठोकली,
म्हणून पुलाला मधोमध कडी आहे.
शाळेतून येणारी पोरं वाकून ती वाजवतात,
खाली कोण आहे ते बघायला.

वाजवतात, असं मी लिहिलं होतं.
रिपोर्ट परत येईपर्यंत वाजवायची झाली.

लिलावाच्या यादीत तुळया बावीस,
फळ्या एकशे बेचाळीस (झडप धरून).
ठेकेदार वर बघत म्हणाला,
साहेब, कागदावर नाही ते मी कसं उतरवू?
मग गावच चढलं.
ज्याने त्याने आपापली शंभर ओळखून नेली,
निदान ओळखली असं म्हणाले,
आणि दुपारी पूल पहिल्यांदा
उन्हात उभा राहिला, हजामत केल्यासारखा,
कानांपाशी पांढरा.

सिमेंटच्या नव्या पुलावरून ट्रॅक्टर जातात.
ट्रॅक्टर कशाला बिचकत नाही.

दोन ओळींत मी लिहिलं होतं:
"बांधकाम फसली १३२१, होळकर राज्य.
छप्पर होते."
फाईल शेऱ्यासह परत आली:
आधार?

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून
एक कौल ठेवलंय, कासमच्या पणतूने दिलेलं.
त्याच्या पोटाशी, ओल्या मातीत असताना दाबलेला,
कुणाचा तरी अंगठा आहे.
मी माझा लावून पाहिला.
माझा मोठा पडतो.